‘असेलही’चा धंदा

न्यूयॉर्क राज्यातल्या नायॅक या गावी हडसन नदीच्या काठाला एक जुनं, मोठं घर आहे. एका गृहस्थाने ते साडेसहा लाख डॉलरला घ्यायचं ठरवलं, साडेबत्तीस हजार डॉलर बयाणा दिला, आणि नंतर त्याला कळलं की सगळं गाव या घराला झपाटलेलं मानतं. विकणाऱ्या बाईंनी स्वतःच आपल्या घरातल्या भुतांविषयी एका मोठ्या खपाच्या मासिकात लिहिलं होतं. गावातली घरं हिंडून दाखवणाऱ्या फेरीतही या घराचा समावेश होता. घेणारा बाहेरगावचा, त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. व्यवहार मोडावा म्हणून तो कोर्टात गेला आणि १९९१ मध्ये अपिलात त्याच्या बाजूने निकाल लागला. त्या निकालपत्रातलं वाक्य पुढे फार गाजलं: कायद्याच्या दृष्टीने हे घर झपाटलेलं आहे.

कोर्टाने भुतं मान्य केली, असा याचा अर्थ नाही. विकणाऱ्या बाईंनी जगाला भुतं आहेत म्हणून सांगितलं होतं, तेव्हा आता त्यांना ‘तसं काही नाही’ म्हणता येणार नाही, एवढंच कोर्टाचं म्हणणं होतं. शिवाय घराच्या या ख्यातीमुळे त्याच्या किमतीवर परिणाम होतो, आणि कितीही बारकाईने पाहणी केली तरी घेणाऱ्याला ही गोष्ट भिंतींवरून कळणार नाही. भूत आहे की नाही या प्रश्नाला हात न लावताही भुताची किंमत काढता येते, हे या निकालाने फार स्वच्छ दाखवून दिलं. अतींद्रिय गोष्टींचा सगळा व्यापार समजून घ्यायचा तर इथूनच सुरुवात करावी लागते.

या व्यापारात विकला जाणारा माल म्हणजे भूत, असं आपल्याला वाटतं. नीट पाहिलं तर विकली जाते ती शंका. ‘आहे’ असं सिद्ध झालं तर तो विज्ञानाचा विषय होईल, शाळेच्या पुस्तकात जाईल. ‘नाही’ असं सर्वांना कायमचं पटलं तर तिकीट काढून कोणी येणार नाही. धंदा चालतो तो या दोन्हींच्या मधल्या जागेत, ‘असेलही’ या शब्दावर. म्हणून पक्का श्रद्धाळू हा काही या बाजाराचा एकमेव ग्राहक नाही. २००५ मध्ये गॅलप या संस्थेने अमेरिकेत जनमत चाचणी घेतली, तेव्हा जवळपास चारपैकी तीन जणांनी कुठल्या ना कुठल्या अतींद्रिय गोष्टीवर आपला विश्वास असल्याचं सांगितलं. झपाटलेली घरं असतात असं मानणारे मात्र ३७ टक्केच होते. म्हणजे एकेका गोष्टीवर विश्वास ठेवणारे कमी, पण काहीतरी असावं असं वाटणारे बहुसंख्य. मोठा ग्राहकवर्ग हाच: ज्याला पूर्ण पटलेलं नाही आणि जो पूर्ण झटकूनही टाकू शकत नाही.

व्यापारी नजरेने पाहिलं तर हा माल विलक्षण सोयीचा आहे. त्याला कच्चा माल लागत नाही. दंतकथा कोणाच्या मालकीची नसते, त्यामुळे ती वापरायला कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. तो नासत नाही, उलट जितका जुना तितका भाव जास्त. आणि सगळ्यात महत्त्वाचं, माल मिळाला नाही तरी ग्राहक पैसे परत मागत नाही. रात्रीच्या भूतफेरीत भूत दिसलं नाही म्हणून कोणी भांडत नाही, ‘आज योग नव्हता’ म्हणून माणूस पुन्हा येतो. मासे पकडायला बसलेला माणूस रिकाम्या हाताने उठला तरी दुसऱ्या दिवशी गळ घेऊन हजर होतो, तसंच हे. क्वचित कधीतरी, अनियमितपणे मिळणारं बक्षीस नेमाने मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा सवय जास्त घट्ट करतं, हे मानसशास्त्रात प्रयोगांनी दाखवलेलं आहे. जुन्या वाड्यातला एक करकर आवाज अशा बक्षिसाला पुरेसा असतो.

भीतीचाही इथे मोठा वाटा आहे, पण तिला माप लागतं. डेन्मार्कच्या ऑरहूस विद्यापीठातल्या संशोधकांनी भीतिदायक खेळघरात शिरणाऱ्या ११० जणांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं की भीती फार कमी असली तर मजा येत नाही आणि फार जास्त झाली तरी येत नाही. मधे कुठेतरी आनंदाचा कळस असतो. भयपट काढणारे, भयघरं चालवणारे हे माप अनुभवाने शिकलेले असतात. दार बाहेरून उघडता येतं, दिवे लावता येतात, शेजारी मित्र आहे, हे ठाऊक असलं की घाबरणं ही सुखाची गोष्ट होते. यात मला काहीच वावगं वाटत नाही. अमेरिकेत एका हॅलोविनच्या सणावर २०२३ मध्ये सुमारे १२ अब्ज डॉलर खर्च होतील असा किरकोळ व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेचा अंदाज होता. मुखवटे, पोशाख, गोळ्या-चॉकलेटं. यात कोणाची फसवणूक नाही, सगळ्यांना खेळ माहीत आहे.

अडचण येते ती ग्राहक खेळ म्हणून आलेला नसतो तेव्हा. आणि या व्यापाराच्या इतिहासात मोठी भरभराट नेमकी अशाच काळात झालेली दिसते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस रॉबर्टसन नावाचा एक कल्पक माणूस पॅरिसमधल्या एका ओसाड मठात ‘फँटॅस्मागोरिया’ नावाचे खेळ करायचा. चाकांवर सरकणारा दिवा पडद्यामागे मागेपुढे नेला की सांगाडे प्रेक्षकांच्या अंगावर धावून येत. फ्रेंच राज्यक्रांतीतल्या शिरच्छेदांना तेव्हा काही वर्षंच झाली होती. तरी तो खेळच होता. १८४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल या खेड्यात फॉक्स कुटुंबातल्या दोन मुलींनी आपल्याला मृतात्म्याच्या टकटकीतून उत्तरं मिळतात असं सांगितलं, आणि तिथून गोष्ट बदलली. पुढच्याच वर्षी तिकीट लावून सभागृहात त्यांचे कार्यक्रम सुरू झाले. पाहता पाहता मृतांशी बोलून देणाऱ्या ‘माध्यमां’चा एक व्यवसायच उभा राहिला.

पुढे अमेरिकेत यादवी युद्ध झालं, सहा लाखांहून अधिक माणसं गेली. अनेकांचे मृतदेहही घरी आले नाहीत. याच काळात बॉस्टनच्या विल्यम ममलरने फोटोत गिऱ्हाइकामागे त्याच्या गेलेल्या माणसाची धूसर आकृती उमटवून द्यायला सुरुवात केली. एका फोटोला तो दहा डॉलरपर्यंत घ्यायचा, त्या काळात ही रक्कम साध्या फोटोच्या कितीतरी पट होती. अब्राहम लिंकनच्या विधवा पत्नीचाही एक फोटो त्याने काढला, त्यात मागे लिंकन उभे आहेत. काही आकृत्यांमधली माणसं बॉस्टनमध्येच जिवंत हिंडताना लोकांनी ओळखली. १८६९ मध्ये न्यूयॉर्कला ममलरवर फसवणुकीचा खटला झाला. सर्कशीमुळे प्रसिद्ध असलेल्या पी. टी. बार्नमने त्याच्याविरुद्ध साक्ष दिली. असे फोटो किती सहज काढता येतात हे दाखवायला त्याने लिंकनच्या ‘भुता’सोबतचा स्वतःचा फोटोही मुद्दाम काढून घेतला होता. तरी ममलर सुटला, कारण त्याने नेमकी कोणती युक्ती वापरली हे सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही.

या निकालात या धंद्याची फार मोठी सोय दडलेली आहे. आत्मा खरोखर आला होता हे सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्यावर पडत नाही. खोटं कसं केलं हे दाखवायची जबाबदारी मात्र समोरच्यावर पडते. इतर कुठल्याही दुकानात हे चालणार नाही.

प्लँचेटची गोष्ट याहून बोलकी आहे. पाच-सहा जणांनी टेबलावर हात ठेवले की टेबल आपोआप फिरतं, हा प्रकार युरोपात फार लोकप्रिय झाला, तेव्हा मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञाने १८५३ मध्ये त्याची तपासणी केली. हात आणि टेबल यांच्यामध्ये सहज सरकू शकतील असे पुठ्ठ्याचे थर ठेवून त्याने दाखवलं की आधी हात सरकतात, मग टेबल. माणसं लबाडी करत नसतात. नकळत स्नायूंची बारीक हालचाल होते आणि करणाऱ्यालाच ती जाणवत नाही. म्हणजे उलगडा १८५३ मध्ये झाला. त्यानंतर अडतीस वर्षांनी, १८९१ मध्ये, त्याच तत्त्वावर चालणाऱ्या ओइजा बोर्डाचं, म्हणजे प्लँचेटसाठीच्या अक्षरं छापलेल्या पाटीचं, पेटंट अमेरिकेत घेतलं गेलं. पेटंटच्या कागदावर त्याचं वर्णन आहे ‘खेळणं किंवा खेळ’. जाहिराती मात्र गूढतेच्या. १९६६ मध्ये पार्कर ब्रदर्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीने तो विकत घेतला आणि दुसऱ्याच वर्षी त्याचा खप याच कंपनीच्या मोनोपॉलीपेक्षाही जास्त झाला. स्पष्टीकरण मिळाल्याने माल पडून राहतो असं आपण समजतो, ते खरं नाही. स्पष्टीकरण एका कपाटात असतं आणि माल दुसऱ्या.

जागेच्या व्यापारात भूत दोन्ही बाजूंनी काम करतं. राहायचं घर असेल तर भाव पडतो. हाँगकाँगमध्ये अपमृत्यू झालेल्या फ्लॅटच्या किमती सुमारे पाचव्या हिश्शाने उतरतात आणि शेजारच्या घरांनाही त्याची झळ बसते, असं तिथल्या व्यवहारांच्या अभ्यासात आढळलं आहे. जपान सरकारने २०२१ मध्ये दलालांसाठी नियमावलीच काढली, भाड्याच्या घरात असा मृत्यू झाला असेल तर साधारण तीन वर्षं नव्या भाडेकरूला ते सांगायचं. पण तीच वास्तू राहण्याऐवजी पाहण्याची झाली, की भूत भाव चढवतं.

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचं विंचेस्टर हाऊस हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण. साधारण १६० खोल्या, छताला जाऊन थडकणारे जिने, भिंतीत उघडणारी दारं. पर्यटकांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली गोष्ट अशी: बंदुका बनवणाऱ्या विंचेस्टर घराण्यातल्या सारा या विधवेला एका माध्यमाने सांगितलं की तुझ्या घराण्याच्या बंदुकांनी मेलेल्यांचे आत्मे तुझ्या मागे आहेत, बांधकाम थांबवू नकोस, म्हणून तिने अडतीस वर्षं रात्रंदिवस बांधकाम चालू ठेवलं. असं कोणी माध्यम तिला भेटल्याचा पुरावा नाही. कामगारांना महिनोन्‌महिने सुट्टी दिल्याचे उल्लेख तिच्या पत्रांत आहेत. वर जाऊन कुठेच न पोचणारे जिने आणि बंद दारं यांचं बरंचसं कारण १९०६चा भूकंप. पडलेला भाग तिने पुन्हा न बांधता तसाच बंद करून टाकला. अगदी बुटक्या पायऱ्या केल्या त्या तिला संधिवात होता म्हणून. सप्टेंबर १९२२ मध्ये ती वारली. हे घर भाड्याने घेतलं ते करमणुकीच्या पाळण्यांच्या धंद्यातल्या माणसाने, आणि १९२३ मध्ये, म्हणजे वर्ष व्हायच्या आत, तिकीट लावून ते लोकांना खुलं झालं.

मला या गोष्टीचं मनापासून वाईट वाटतं. वास्तुरचनेची आवड असलेली, स्वतःच्या पैशाने स्वतः आराखडे करून बांधणारी एक हुशार बाई होती. ती गेल्यावर तिला उत्तर देता येईना, आणि तिचं वेडी म्हणून झालेलं चित्र शंभर वर्षं तिकिटावर विकलं गेलं. भुताच्या गोष्टीत बहुतेक वेळा कोणीतरी खरं माणूस असतं, आणि त्याची बदनामी हा त्या धंद्यातला फुकटचा कच्चा माल असतो. अमेरिकेतल्या सेलम शहराकडे पाहा. १६९२ मध्ये चेटूक केल्याच्या आरोपावरून तिथे १९ जणांना फाशी दिलं, एका म्हाताऱ्याला दगडांखाली चिरडून मारलं. ती माणसं चेटकिणी नव्हती, खोट्या आरोपांचे बळी होती. आज त्या शहराच्या पोलिसांच्या चिन्हावर झाडूवर बसलेली चेटकीण आहे आणि ऑक्टोबर महिन्यात रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते. पर्यटनामुळे तो इतिहास विसरला गेला नाही, हेही खरं. तिथे मृतांची स्मारकंही आहेत. पण दुकानातली टोकदार टोपी आणि स्मारकावरची नावं एकाच रस्त्यावर असणं मला खटकतं.

चित्रपट आणि टीव्हीबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण तिथलं गणित सरळ आहे. भीतीसाठी महागडे नट लागत नाहीत, भव्य देखावे लागत नाहीत. दाखवण्यापेक्षा न दाखवणं जास्त परिणामकारक ठरतं आणि ते स्वस्तही पडतं. ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’ हा चित्रपट सुमारे १५ हजार डॉलरमध्ये एका घरात चित्रित झाला आणि त्याने जगभरात १९ कोटींहून अधिक डॉलर मिळवले. हे गणित एकदा पाहिल्यावर निर्माते दरवर्षी भयपट का काढतात हे वेगळं सांगायला नको.

टीव्हीवरच्या भूतशोधाच्या कार्यक्रमांनी मात्र एक नवी बाजारपेठ तयार केली, ती उपकरणांची. हातात धरायचं, दिवे लुकलुकणारं जे यंत्र शोधकांच्या हाती दिसतं, ते मुळात विजेच्या तारा आणि उपकरणांभोवतीचं चुंबकीय क्षेत्र मोजायचं साधन आहे. जुन्या घरात वायरिंग जुनं असतं, खिशात मोबाइल असतो, दिवे लुकलुकणारच. ‘स्पिरिट बॉक्स’ म्हणून विकला जाणारा डबा म्हणजे रेडिओच. तो एका स्टेशनवर न थांबता भराभर पुढे सरकत राहतो. शब्दांचे तुकडे ऐकू येतात आणि आपला मेंदू त्यांतून अर्थ जुळवतो. त्यातच पडद्यावर खाली अक्षरं येतात, ‘निघून जा’. ती वाचल्यावर दुसरं काही ऐकूच येत नाही. अक्षरं झाकून तोच आवाज ऐकून पाहा, केवळ खरखर उरते. ब्रिटनमध्ये अशा एका लोकप्रिय कार्यक्रमाविरुद्ध तक्रारी झाल्या तेव्हा तिथल्या प्रसारण नियामकाने २००५ मध्ये निर्णय दिला की हा मनोरंजनाचा कार्यक्रम आहे, खरा तपास नव्हे, आणि तसं ओळखायला पुरेशा खुणा त्यात आहेत. कार्यक्रमाला शिक्षा झाली नाही.

‘केवळ मनोरंजनासाठी’ हे शब्द या व्यवसायाचं चिलखत आहेत. ब्रिटनमध्ये १९५१ पासून लबाड माध्यमांविरुद्ध वेगळा कायदा होता. त्यात फसवण्याचा हेतू सिद्ध करावा लागे, आणि ते जवळपास अशक्य. २००८ मध्ये तो रद्द होऊन ही मंडळी सर्वसाधारण ग्राहक संरक्षण नियमांखाली आली. साबण विकणाऱ्याला जे लागू तेच आत्मे बोलावणाऱ्याला. तेव्हापासून तिकिटांवर आणि जाहिरातींत बारीक अक्षरांत ही ओळ छापली जाऊ लागली.

ही ओळ ज्याला लागू पडत नाही असा ग्राहक म्हणजे ज्याचं कोणी गेलं आहे तो. तो मनोरंजनाला आलेला नसतो. आणि त्याला पटवायला फार थोडं पुरतं. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकी ‘तुमच्या स्वभावाचं वर्णन’ म्हणून एक कागद दिला. विद्यार्थ्यांनी ते वर्णन किती जुळतं याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सगळ्यांच्या कागदावर तोच मजकूर होता, बराचसा ज्योतिषाच्या एका पुस्तकातून घेतलेला. निरोगी, तरुण, शिकलेल्या मुलांचं हे. दुःखात बुडालेल्या माणसासमोर ‘र अक्षराचं कोणी होतं का’, ‘छातीशी काही त्रास होता का’ असे प्रश्न टाकले, की उरलेली गोष्ट तो स्वतःच पुरवतो आणि नंतर ‘त्यांनी सगळं ओळखलं’ असं सांगतो.

२००४ मध्ये अमेरिकेत बेपत्ता मुलीच्या आईला एका प्रसिद्ध अतींद्रियवादी बाईंनी टीव्हीवर सांगितलं की तुझी मुलगी जिवंत नाही. आई दोन वर्षांत वारली. २०१३ मध्ये मुलगी एका घरात डांबून ठेवलेली, जिवंत सापडली. या एका गोष्टीपुढे ‘यात नुकसान काय, लोकांना दिलासा मिळतो’ हा युक्तिवाद मला ऐकवत नाही.

उघडकीस आलं तर हे थांबेल, असंही दिसत नाही. फॉक्स बहिणींपैकी मार्गारेटने १८८८ मध्ये न्यूयॉर्कच्या भर सभागृहात कबूल केलं की ती टकटक आपण पायाच्या बोटांचे सांधे मोडून काढत होतो, आणि ते करूनही दाखवलं. त्या कबुलीचे तिला दीड हजार डॉलर मिळाले. पुढच्याच वर्षी तिने कबुली मागे घेतली. दोघी बहिणी हलाखीत वारल्या. त्यांनी सुरू केलेला व्यवसाय वाढतच राहिला. जादूगार जेम्स रँडी यांनी नियंत्रित परिस्थितीत अतींद्रिय शक्ती दाखवणाऱ्याला लावलेलं बक्षीस १९९६ मध्ये दहा लाख डॉलरवर नेलं होतं. २०१५ मध्ये ते बंद होईपर्यंत कोणालाही मिळालं नाही.

आता हा धंदा समोरासमोर बसूनही करावा लागत नाही. नव्वदच्या दशकात अमेरिकेत मिनिटाला चार-पाच डॉलर आकारणाऱ्या भविष्याच्या फोनसेवा आल्या. अशा एका कंपनीवर ‘पहिली तीन मिनिटं फुकट’ सांगून ग्राहकांना लांबण लावत बिल वाढवल्याचा आरोप झाला. २००२ मध्ये तिला ५० कोटी डॉलरची येणी सोडून द्यावी लागली. त्याहून मोठं प्रकरण पत्रांचं. जगप्रसिद्ध अतींद्रियवादी बाईंच्या नावाने, जणू हाताने लिहिलेली, नाव घालून पाठवलेली लाखो पत्रं अमेरिकेतल्या घरांत येत राहिली. तुमच्या आयुष्यात मोठा बदल येतोय, एवढी रक्कम पाठवा, ताईत पाठवते. १९९४ ते २०१४ या वीस वर्षांत १३ लाखांहून अधिक लोकांकडून १७.५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गोळा झाली. बळींमध्ये वृद्ध आणि एकाकी माणसं मोठ्या संख्येने होती. हे सगळं चालवणाऱ्याला २०२४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली.

या पत्रांची कार्यपद्धती ठाऊक असावी, कारण कागद जाऊन मेसेज आले तरी ती तीच राहते. पहिली रक्कम लहान असते. ती भरणं म्हणजे आपण उत्तर देणारे आहोत हे कळवणं असतं, आणि मग पत्रं वाढतात, कारण उत्तर देणाऱ्यांच्या याद्या स्वतंत्रपणे भाड्याने दिल्या-घेतल्या जातात. मजकुरात हमखास एक सूचना असते, हे कोणाला सांगू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बँकेच्या नोंदीत थोड्या थोड्या रकमा अनोळखी नावांवर वारंवार जाताना दिसल्या, तर त्यांना बोल लावण्याआधी बँकेला पुढचे व्यवहार थांबवायला सांगा आणि ज्या नंबरवरून असे मेसेज येतात तो बंद करा. पैसे पाठवणाऱ्याला बहुधा इतकंच हवं असतं की रोज कोणीतरी नावाने हाक मारून चौकशी करावी.